गळक्या ट्रान्झिस्टरची पेटी

चांगला आवाज बिघडवायला मला दीड वर्ष लागलं आणि साहेबांनी तो अर्ध्या तासात दुरुस्त केला. त्यांनी ते भल्या मनानं केलं, हे आज मी मान्य करते. तेव्हा मात्र त्यांचा गळा धरावासा वाटला होता, आणि तसं वाटल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

सत्तर साल यायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी बेंगळूरच्या एका रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करत होते. माझा थोरला भाऊ, अण्णा, कँटोन्मेंटमधल्या तिघांबरोबर बास गिटार वाजवायचा. लग्नं, नाताळ, क्लबातले नाच, जिथे बोलावतील तिथे जायचे. एकदा सरावात त्याच्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद फाटला आणि बासचा गुळगुळीत आवाज एकदम घोगरा झाला. जड कपाट फरशीवरून ओढावं तसा. ते चौघं कपाळाला हात लावून बसले. मला तो आवाज इतका आवडला, की मी अण्णाला म्हटलं, नवा स्पीकर खुशाल बसव, पण हा आवाज मी तुला परत करून देईन.

परदेशी रेकॉर्डवर साध्या गिटारचा असा आवाज तोवर ऐकू यायला लागला होता. त्यासाठी पायानं दाबायची एक लहान पेटी मिळते, एवढं त्या चौघांच्या कानावर होतं. पण बासचं दुखणं वेगळं. बासचा आवाज नुसता बिघडवला की त्याचं पोटच जातं, काडेपेटीत माशी कोंडल्यासारखी गुणगुण तेवढी उरते. माझ्या पहिल्या तीन पेट्या तशाच निघाल्या. मग आवाजाचे दोन भाग करायचं सुचलं. एक आहे तसा जाऊ द्यायचा, दुसरा बिघडवायचा आणि शेवटी दोघांना एकत्र आणायचं.

बिघडवायचं काम नव्या कोऱ्या ट्रान्झिस्टरांना जमेना. ते फार सरळ वागतात. मला हवे होते गळके, म्हणजे बंद असतानाही ज्यांच्यातून थोडा करंट झिरपत राहतो ते. कारखान्याच्या तपासणीत असले बाद होत. मी रविवारच्या जुन्या बाजारातून मूठमूठ टाकाऊ ट्रान्झिस्टर वेचून आणले, एकेक लावून कानानं पारखले आणि त्यांतले दोन निवडले. पेटी सागवानी स्विचबोर्डाची. रेडिओची घुरघुर आत शिरू नये म्हणून तिला चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद आतून चिकटवला. पायाचं बटण लॉरीचं, ड्रायव्हर दिवे खाली-वर करायला पायानं दाबतो ते. लॉरीवाल्याचा पाय सोसणारं बटण अण्णाचा सोसेलच. खरखर कमी-जास्त करायच्या खुंटीभोवती मी रंगानं तीन शब्द लिहिले: स्वल्प, सरी, जास्ती. ‘सरी’ म्हणजे ठीक, आणि माझ्या मते ठीक आवाज ‘जास्ती’च्या अगदी शेजारी होता.

पेटी तपासायला कुणीतरी तारा छेडायला हव्यात. संध्याकाळी अण्णा घरी नसायचा, म्हणून मीच छेडायची. दीड वर्षात मला एक गाणं नीट वाजवता यायला लागलं, आमच्या घरातलं हळदीचं. अर्धं मराठी, अर्धं कन्नड.

पेटी तयार झाली आणि अण्णा ती घेऊन गेला. कँटोन्मेंटमध्ये त्यानं सांगितलं, लंडनहून आली. मला हे कळल्यावर तो ओशाळला. म्हणाला, बहिणीनं केलेल्या वस्तूवर पाय देतोस म्हणून चिडवलं असतं. मी पेटी काढून घेतली आणि आठवडाभर दिली नाही. शेवटी त्यानं कबूल केलं, की गणेशोत्सवात आपल्या मराठी मंडळात वाजवेन आणि माईकवर सगळ्यांसमोर सांगेन, ही पेटी माझ्या बहिणीनं केली. मला दुसरं काही नको होतं. तो आवाज आणि ते एक वाक्य, दोन्ही आपल्या माणसांनी ऐकावं.

आपली माणसं म्हणजे दोन प्रकारची. आमच्यासारखी घराणी तीनशे वर्षं इथेच, आणि पुण्या-मुंबईहून सरकारी कारखान्यांत आलेले साहेबलोक. गणपतीत स्टेज त्यांचं, स्वयंपाकघर आमचं. मंडळाचे सेक्रेटरी आमच्याच कारखान्यात तपासणी विभागात साहेब होते. माणूस सज्जन, पण आमची मराठी ऐकली की त्यांना राहवत नसे. एकदा मी ‘स्वल्प थांबा’ म्हटलं, तर हसून म्हणाले, स्वल्प नव्हे, थोडं. मी विचारलं, मग तुम्ही स्वल्पविराम कशाला देता, थोडाविराम द्या. ते घड्याळ बघत निघून गेले. मला ते घड्याळ बघणं फार दिवस पुरलं.

उत्सवाच्या दुपारी हॉलमध्ये आमची तालीम झाली. हळदीचं गाणं बासवर वाजवायचं ठरलं होतं, सोबतीला नुसते ड्रम. अण्णानं बटण दाबलं, पेटी गुरगुरली. मागे खुर्च्या मांडून घेणाऱ्या साहेबांनी कपाळाला आठ्या घालून ऐकलं. आम्ही जेवायला गेलो.

परत आलो तर साहेब शर्टाच्या बाह्या सावरत उभे. पेटी त्यांच्यासमोर, झाकण नीट लावलेलं. अण्णाला म्हणाले, वाजवा आता. अण्णानं बटण दाबलं, तार छेडली. स्वच्छ, गोल, गुळगुळीत आवाज आला.

“दोन्ही ट्रान्झिस्टर लीक होते,” साहेब म्हणाले. “घरून सामान आणून नवे घातले, दोन रेझिस्टर बदलले. कार्यक्रमाच्या वेळी फजिती झाली असती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “साहेब, तो बिघाड नव्हता. तो मी केला होता.”

“होतं असं,” ते मायेनं म्हणाले. “सोल्डरिंग मात्र सुंदर आहे हो तुमचं.”

दिवसभर बाद माल काढणारा माणूस. त्याच्या कानाला खराब आवाज म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे काढून टाकायची वस्तू. मी जुने ट्रान्झिस्टर कुठे आहेत विचारलं. त्यांनी कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीकडे बोट केलं. ती नारळाच्या शेंड्या आणि पत्रावळींखाली बुडाली होती. मी पदर खोचला आणि सगळी टोपली जमिनीवर पालथी केली. जुने रेझिस्टर सापडले, ट्रान्झिस्टर एकच. दुसरा शेवटपर्यंत सापडला नाही.

साहेबांची सोल्डरिंगची हत्यारं मला मागायची नव्हती. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर कपड्यांची इस्त्री तापवून तिच्या टोकानं मी त्यांचे रेझिस्टर काढून माझे लावले, मिळालेला गळका परत बसवला. दुसऱ्या जागी साहेबांचा कोरा तसाच राहिला. आवाज आला, पण माझा पहिला नव्हे. जास्त फाटका, मध्येच तुटणारा.

हॉल भरत आला होता. अण्णा हळूच म्हणाला, “आज साधंच वाजवू. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” मी म्हटलं.

“मंडळासमोर असलं मी वाजवणार नाही, अक्का.” मी धाकटी. मला अक्का तो फक्त हात जोडायची पाळी आली की म्हणायचा. मी हात पुढे केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गिटारचा पट्टा मानेवरून काढून माझ्या हातात दिला. त्याच्या डोळ्यांत सुटका झाल्याचं दिसलं, त्याचाही मला राग आला.

आमची पाळी आली तेव्हा नऊवारीतल्या, पाचवारीतल्या सगळ्या बाया माना उंचावून बघू लागल्या. मी पायातली चप्पल काढली आणि बटण दाबलं. पुढच्या रांगेनं कानांवर हात ठेवले. दोन सूर माझे चुकले. पण दुसऱ्या कडव्याला स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या बाया गाणं म्हणायला लागल्या, पिठाचे हात तसेच ठेवून. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. तिसऱ्या कडव्यात पेटीनं दोन आचके दिले आणि आवाज बंद पडला.

साहेब लगबगीनं स्टेजवर आले. माईक धरून म्हणाले, “तांत्रिक बिघाडाबद्दल मंडळ दिलगीर आहे.”

मी त्यांच्या हातातून माईक घेतला. ओढून नव्हे, पण विचारूनही नव्हे.

“मंडळानं दिलगीर व्हायचं काही नाही,” मी म्हटलं. “ही पेटी मी केली. आवाज मुद्दाम असा केलाय. ज्यांना नको त्यांनी बाहेर जाऊन कॉफी घ्यावी, मी थांबते.”

कुणी उठलं नाही, बहुधा धक्क्यानंच. मी गुडघ्यावर बसले, झाकण काढलं, सुटलेली तार बोटानं दाबून परत जागेवर पिळली आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.