पाठीच्या मापाची सॅक

शकुने सॅक घेतली ती सगळ्यांत मोठी घेतली, आणि तिची जी काय चूक झाली ती तिथंच झाली. लहान घेतली असती तर ती तिची एकटीची राहिली असती. पण भांडुपच्या टेंभीपाड्यात राहणाऱ्या, मूळ कणकवलीकडच्या घरात मोठी पिशवी कुणा एकाची राहात नाही. हे कळायला तशी पिशवी आधी घरात यावी लागते.

साल एक्याऐंशी. शकु बत्तीसची. औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. लग्नाचं म्हणाल तर आधी पत्रिका आडवी आली, मग वडील गेले, मग विचारणारेच थांबले. घरात आई शांताबाई, भाऊ चंद्रप्रकाश, मालनवहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची अनुपमा. कारखान्यात शुभा नावाची मैत्रीण होती, ती डोंगर चढणाऱ्यांच्या एका मंडळात जायची. तिच्या नादाने शकु राजमाचीला गेली, हरिश्चंद्रगडाला गेली, आणि पायांचे तुकडे पडलेले असतानाही परतीच्या एस्टीत पुन्हा कधी जायचं ते विचारत राहिली.

एकदा जेवणाच्या सुट्टीत शुभाने हिमालयातले फोटो दाखवले. एका फोटोत ती गुडघाभर बर्फात उभी होती. शकुने तो फोटो हातात धरला आणि डब्यातली भाजी तशीच राहिली. तिला बर्फाचं एवढं काही नव्हतं. शुभाच्या पाठीवर एक सॅक होती, त्यात शुभाचं सगळं सामान होतं, आणि आजूबाजूला हाक मारायला कोणी नव्हतं. आपल्याला लागेल तेवढं आपल्या पाठीवर, त्यात दुसऱ्या कोणाचं काही नाही, आणि समोर नुसती वाट. असं एकदा तरी चालायचं, एवढंच शकुच्या मनाने घेतलं. पुढच्या मे महिन्यात दोघींनी जायचं ठरलं.

सॅक घ्यायला शुभा तिला घाटकोपरला असल्फ्याला गुणाजीकडे घेऊन गेली. गुणाजी एरवी रिक्षांचे हूड शिवायचा, पण डोंगरवाली पोरं त्याच्याकडून सॅक शिवून घ्यायची, कारण त्याची शिवण उसवत नसे. त्याने भिंतीवरच्या तीन सॅका काढून समोर टाकल्या. शकुने एकेक रिकामी उचलून बघितली आणि तिन्ही चांगल्या आहेत म्हणाली. गुणाजी हसला. रिकामी सॅक सगळ्यांनाच बरी वाटते, म्हणाला. त्याने दुकानातली वाळूची गोणी तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या सॅकमध्ये घातली, ती शकुच्या पाठीवर चढवली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं.

साडी नेसलेली बाई पाठीवर वाळू घेऊन असल्फ्याच्या गल्लीतून चालली म्हटल्यावर बघणारे बघणारच. शकुचं तिकडे लक्ष नव्हतं. परत आली तेव्हा ती घामाघूम झाली होती आणि तोंडावर असं हसू होतं की शुभाला तिची ओळख पटेना.

"मधली घे," शुभा म्हणाली. "पंधरा दिवसांना मधली पुष्कळ होते गं."

शकुने ऐकलं नाही. एकदाच घ्यायची तर जन्माला पुरेल अशी घ्यायची, म्हणून तिने मोठी घेतली. जाड हिरवं कॅनव्हास, तळाला दुहेरी कापड, खांद्याचे पट्टे रुंद. गुणाजीने तिच्या पाठीला लावून पट्ट्याला भोक पाडलं आणि बक्कल अडकवून दिलं. हे तुमचं भोक, म्हणाला, दुसऱ्याला दिलीत तर वरखाली करावं लागेल.

सॅक घरी आली. शांताबाईने ती उघडून आत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि तरी तळ लागला नाही. "बरी झाली," ती म्हणाली. "गावाला न्यायला होईल."

आता गावच्या घराचं सांगायला हवं. ते घर सामायिक होतं. त्यात शकुचा चुलतभाऊ खंडू बायकापोरांसह राहायचा. पावसाच्या आधी दर मे महिन्यात कौलं चाळायची असत, म्हणजे सगळी उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली झाडून पुन्हा लावायची. मुंबईवाल्यांच्या बाजूने कोणीतरी त्या वेळी हजर हवं, नाहीतर घरावरचा हक्क सुटतो अशी शांताबाईची समजूत होती, आणि समजुतीला औषध नसतं. चंद्रप्रकाशला त्या वर्षी रजा मिळाली नाही. शकुची मात्र साठलेली होती. कशासाठी साठवली होती ते तिने घरात अजून सांगितलंच नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिली, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. शुभा एकटी गेली. शकु सॅक घेऊन कणकवलीला गेली.

सॅकमध्ये खंडूच्या पोरांचे कपडे होते, शेजारणीने तिच्या सासूला दिलेलं घोंगडं होतं, कुणाचा तरी स्टोव्ह होता. येताना कोकमं, सुके बांगडे आणि वरती एक फणस. वस्तीत सगळ्यांनी त्या सॅकचं कौतुक केलं. पुढच्या वर्षापासून गणपतीला, मे महिन्यात लोक आधीच विचारून ठेवू लागले. कोणी शकुला विचारत नसे. सॅक जाणार आहे का, असं विचारत.

पुढची सहा-सात वर्षं अशीच गेली, कधी कौलं, कधी आईचा मोतीबिंदू. शुभा लग्न होऊन नागपूरला गेली. शकु दर दिवाळीच्या आधी सॅक रिठ्याने धुवायची, उन्हात उलटी टाकायची, शिवणीला मेण चोळायची. बांगड्याचा वास काही केल्या पुरता जात नसे. त्या वासाने कधी कधी तिला रडू यायचं, आणि आपण बांगड्यासाठी रडतो म्हणून हसूही.

मात्र एक गोष्ट तिने सोडली नाही. रविवारी सकाळी ती सॅकमध्ये तांदूळ भरायची आणि वस्तीमागचा डोंगर चढून यायची. सराव राहिला पाहिजे. पायथ्याच्या टाकीपाशी दादूकाका बसलेले असायचे. गिरणीतून सुटल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

"काय गो शकु, रेशन डोंगरार इला काय?" ते दर रविवारी विचारायचे.

"होय तर. तुमका साखर होई काय?" शकु म्हणायची आणि पुढे चालू लागायची. खरं काय ते तिने त्यांना कधी सांगितलं नाही. ज्या गोष्टीची आपल्यालाच खात्री नाही ती टाकीपाशी कशी सांगायची?

एकोणनव्वद साली अनुपमा कॉलेजातून बातमी घेऊन आली. हिमालयात शिबिर होतं, मे महिन्यात. शकु भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. आता घरात काय होतं ते ती ऐकत राहिली. काही झालं नाही. चंद्रप्रकाशने स्वेटर आहे का विचारलं. मालनवहिनीने लाडू करायचे म्हटलं. शांताबाईने सगळ्यांच्या सोबत राहा एवढंच बजावलं. इतकं सोपं होतं ते. आपण एकदा तोंड उघडून मागितलं असतं तर? शकुला पोरीचा आनंदही झाला आणि हेवाही वाटला, आणि दोन्ही खरं होतं.

"आत्या, तुझी सॅक देशील ना?" अनुपमाने विचारलं.

शकुने दिली. पट्ट्याला खाली एक नवं भोक पाडून बक्कल त्यात अडकवलं, अनुपमाच्या पाठीला लावून बघितलं, जड सामान पाठीलगत का ठेवायचं ते दाखवलं. मग स्वतः पत्र्याची ट्रंक घेऊन गावाला गेली. छपरावरच्या माणसांना खालून कौलं देताना ती मध्येच थांबायची. आज पोचली असेल. आज बर्फ लागला असेल. खंडूने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तिने पुढचं कौल उचललं.

ती परतली तेव्हा अनुपमा आधीच घरी आली होती, नाकाची सालं निघालेली, तोंड भरून बोलत होती. शकुने सगळं ऐकून घेतलं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "सॅक जड नाही ना गेली चढताना?"

"मी कुठं उचलली? सगळ्यांच्या सॅका खेचरांवर होत्या आत्या. आपण फक्त पाण्याची बाटली घेऊन चालायचं. झकास एकदम. खेचरवाला म्हणाला, बॅग मजबूत आहे."

सगळे हसले, शकुही हसली. मग ती सॅक घेऊन मागच्या मोरीपाशी गेली. पट्टा उलटून बघितला. नव्या भोकापाशी पट्ट्याला साधी वळीसुद्धा पडली नव्हती. गुणाजीने पाडलेलं भोक मात्र ताणून लांबट झालेलं होतं, इतक्या वर्षांच्या तांदळाने. तिने आत तोंड घातलं. बांगड्याचा वास गेला होता. धुराचा, ओल्या पाल्याचा, खेचराच्या अंगाचा वास येत होता. आपली सॅक तिथं जाऊन आली आणि आपण नाही, आणि तीही कुणाच्या पाठीवर बसून, तर खेचराच्या. शकुला एवढा राग आला की तिला स्वतःचंच नवल वाटलं. अनुपमाचा नव्हता तो. तो तिचा स्वतःचा होता, एका मे महिन्यापासून दुसऱ्यापर्यंत गप्प बसल्याचा. बक्कल काढून तिने आपल्या भोकात अडकवलं.

गणपती जवळ आले तसं मालनवहिनीने सवयीने सॅक काढली आणि भरायला घेतली. शकुने त्यातली समई, पातेलं आणि शेजारणीची साडी काढून ट्रंकेत ठेवली. वहिनी बघत राहिली.

त्या रविवारी शकु नेहमीसारखी तांदूळ भरून निघाली. टाकीपाशी दादूकाका होतेच.

"काय गो, रेशन डोंगरार इला काय?"

शकु थांबली. "नाय हो. हिमालयात जातंय. येत्या मे महिन्यात."

दादूकाकांनी तोंडातलं पान बाजूला सारलं. "आणि कौलां कोण चाळतलो?"

"ज्याच्या डोक्यार गळता तो."

दादूकाकांच्या पोटात काही राहात नाही, संध्याकाळच्या आत हे आपल्या घरी पोचणार, हे शकुला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर सांगितलं. तिने पट्टे घट्ट ओढले आणि चढायला लागली.