दादासोचं फिनलंडशी वैर

कन्हेरीच्या दादासोला गाव दोन कारणांनी ओळखत असे. एक म्हणजे दूध डेअरीतल्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. तेव्हापासून फॅट कमी लागली की लोक म्हशीला न बोलता दादासोला बोलत. दुसरं म्हणजे फिनलंडच्या एका माणसाशी त्याचं भांडण होतं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराचं हे सांगते आहे. दादासो पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर झाला, तिथंच एका कंपनीत लागला आणि आठ महिन्यांत परत आला. साहेबानं ज्या एडिटरमध्ये काम करायला सांगितलं, तो त्याला मान्य नव्हता. एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही, एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल. वही पसंत नाही म्हणून नोकरी सोडणारा माणूस आमच्या भागात पहिलाच. त्याच्या आईनं, भामाबाईनं, गावात सांगितलं की पोराला पुण्याचं पाणी सोसलं नाही.

बारामतीत भिगवण रस्त्याला खाजाभाईंचा एस.टी.डी. बूथ होता. त्याच्या वरच्या खोलीत दादासोनं क्लास काढला. चार कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि भिंतीवर त्याच्याच अक्षरात एक सूचना : ‘माऊसला हात लावण्यापूर्वी विचार करा.’ मुलं-मुली अर्ज टाइप करायला शिकायला येत. तो शिकवायचा आणि ज्यात शिकवतोय ते सॉफ्टवेअर किती वाईट आहे तेही त्याच तासाला सांगायचा.

त्याचा स्वतःचा एडिटर व्हीआय. काळा पडदा, त्यावर काही नाही. उघडल्यावर लगेच लिहिताही येत नाही. आधी एक कळ दाबायची, मग तो लिहू देतो. बाहेर कसं पडायचं हे नवख्याला कळत नाही. क्लासमधल्या एका मुलीनं शेवटी मशीनचं बटणच बंद केलं होतं. दादासोला या सगळ्यात शिस्तीचं सौंदर्य दिसे. समोरच्या पक्षाचा एडिटर इमॅक्स. त्यात पत्रं, कॅलेंडर, खेळ, सगळं एकाच घरात. मनातलं दुःख सांगितलं तर उलट प्रश्न विचारणारा एक डॉक्टरसुद्धा त्यात होता. दादासो म्हणायचा, “हा एडिटर नाही, हा आठवड्याचा बाजार आहे.”

हे तो कन्हेरीत कुणाला सांगणार? म्हणून इंटरनेटवर सांगायचा. त्याच्याकडे पुण्याचं विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्त खातं होतं. त्यात चित्रं दिसत नसत, फक्त अक्षरं. बुधवारी आणि शनिवारी सकाळी सातच्या आत, दर कमी असताना, तो खाजाभाईंच्या लाइनवरून पुण्याला फोन लावी. कॉम्प्युटर फोनला जोडणारा मोडेम किंचाळला की खाजाभाई कानावर हात ठेवून चहा सांगायला जात. मेलिंग लिस्टवरची पत्रं उतरवून घ्यायची, फोन ठेवायचा, तीन-चार दिवस उत्तर लिहायचं आणि पुढच्या खेपेला पाठवायचं. या लिस्टवर एकानं लिहिलेलं साऱ्या जगातल्या सभासदांना जाई. पण दादासोचा बाण शनिवारी पोचेपर्यंत तिकडचं रणांगण झाडून झालेलं असे.

तिथंच त्याला पेक्का भेटला. पेक्का इमॅक्सवाला, फिनलंडच्या कुठल्याशा विद्यापीठातला. त्यानं एकदा लिहिलं की व्हीआय वापरणाऱ्यांना त्रास सहन करण्यात मोठेपणा वाटतो. दादासोनं नऊ पानी उत्तर दिलं. मग वर्ष गेलं, दुसरं गेलं. त्या पत्रांत वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य होतं, माणसाची प्रतिष्ठा होती, बोटांची अर्थव्यवस्था होती. ज्या एडिटरसाठी तो हे लढत होता, त्यात ‘भामाबाई’ एवढं नावही मराठीत उमटत नव्हतं. ते त्याला कधी खटकलं नाही.

त्याचं स्वतःचं वेब पानही होतं. हातानं लिहिलेलं. ‘या पानावर चित्र नाही आणि असणार नाही,’ असं त्यात ठळक सांगितलं होतं. खाली किती जणांनी पान पाहिलं याचा आकडा.

“किती झाले, मास्तर?” खाजाभाई विचारत.

“एकेचाळीस.”

“वर्षात? माझ्याकडं सकाळच्याला एवढी माणसं नुस्ती सुट्टं मागाय येत्यात.”

त्या हिवाळ्यात दादासोला शेळगावचं स्थळ आलं. मुलगी वैष्णवी, बी.एस्सी. केमिस्ट्री, लोणी देवकरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. तीन पाळ्यांत काम करणारी, मोजकं बोलणारी. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं विचारलं, “तुम्ही दिवसभर नक्की काय करता?” दादासोनं पाऊण तास सांगितलं. मोठी माणसं एकेक करून अंगणात गेली. ती मात्र ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “एवढं चांगलं असेल तर दुसऱ्याला पटायला दोन वर्षं का लागतात?”

दादासो घरी आला तो वेगळाच माणूस. एवढा नेमका प्रश्न त्याला लिस्टवरही कुणी विचारला नव्हता. कालव्याच्या कडेनं लूना हळू चालवत तो तीन दिवस त्याचं उत्तर जुळवत होता. चौथ्या दिवशी आईला म्हणाला, “हीच.” भामाबाईला भरून आलं. आपल्या पोरानं आयुष्यात एका शब्दात दिलेलं हे पहिलं उत्तर, हे तिलाही जाणवलं असावं.

आता राहिली चौकशी. ती करायला मुलीचा मामा आला. हिंदुराव. तीस वर्षं इंदापूरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून काढलेला माणूस. त्यांच्या भावकीतला रिवाज असा की उघडं वैर असलेल्या घरात मुलगी द्यायची नाही. हिंदुरावांनी क्लास लांबून पाहिला आणि ते सरळ खाली बूथमध्ये येऊन बसले.

“पोरगं कसं हाय?”

“एक नंबर,” खाजाभाई म्हणाले. “दारू न्हाय, तंबाखू न्हाय, पत्त्यांचा नाद न्हाय. दोन वर्सं एक भांडण तेवढं चालू हाय.”

“कुणासंगं?”

“फिनलंडच्या एका माणसासंगं. पेक्का नाव त्येचं.”

हिंदुरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “लांब हाय की ते. बांध न्हाय, पाणी न्हाय, येणं-जाणं न्हाय. मग भांडाय काय हाय?”

“लिव्हायचं कशात, ह्याच्यावरनं.”

“वहीत का पाटीवर, असं?”

“तसंच म्हना. पर दोघं बी लई शिकल्यालं हायेत.”

हिंदुरावांनी गुडघ्यावरची टोपी झटकली. मग म्हणाले, “बांधाचं भांडण मिटतंय, खाजाभाई. बांध डोळ्याला दिसतो. ह्यांचा बांध हाय कुठं?”

दुसऱ्या दिवशी ते कन्हेरीला आले आणि पाणी पिण्याआधी विषयाला हात घातला. “पावणं, स्थळ पसंत हाय. पोरीला बी पसंत हाय. ती म्हनती, भांडण असू दे, पर ते मिटवता येतंय का त्यास्नी, तेवढं बघून या.”

“हे भांडण व्यक्तिगत नाही, मामा,” दादासो म्हणाला. “तत्त्वाचं आहे.”

“तत्त्वाचंच लई चालतंय. जमिनीचं एका पिढीत सरतं. त्या पेकरावांना दोन वळी लिव्हा. त्येंचं उत्तर कागदावर पायजे. कोर्टात तडजोडीची पुरसिस देत्यात, दोन्ही पक्षांच्या सहीनं, तशी.”

भामाबाई आतून म्हणाली, “दादू, मिटव बाबा. त्याची बी आई आसंल कुठंतरी.”

समेटाचं पत्र लिहायला दादासोला अकरा दिवस लागले. पहिला मसुदा सात पानांचा, त्यात दिलगिरी सातव्या पानावर. दुसऱ्यात दिलगिरी वर आली, पण तिला तीन तळटीपा होत्या. अखेर चार ओळी उरल्या : आपल्यात जे झालं ते झालं, कौटुंबिक कारणानं मी ते संपवू इच्छितो, आपणही संपवलं असं कळवावं, इतकी वर्षं तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला याचा मला अभिमान आहे. शेवटची ओळ लिहिताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, असं खाजाभाई सांगतात. मोडेमच्या आवाजानंही येऊ शकतं.

बुधवारी पत्र गेलं. शनिवारी उत्तर आलं. दादासोनं ते वाचलं, प्रिंटरवर काढलं, परत वाचलं आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

“काय झालं? मिटलं न्हाय व्हय?” खाजाभाईंनी विचारलं.

“तो म्हणतो, भांडणच नव्हतं.”

“मग ब्येसच झालं की!”

दादासो त्यांच्याकडे असा बघत राहिला, जसं काही भांडणात खाजाभाई आता तिसरा पक्ष म्हणून उतरले होते.

रविवारी हिंदुराव आले. साक्षीला म्हणून भामाबाईनं खाजाभाईंनाही बोलावून घेतलं होतं. सकाळची उन्हं अंगणात उतरली होती, पलीकडच्या उसात पाणी सोडल्याचा मंद आवाज येत होता. हिंदुरावांनी कागद हातात घेतला, सही शोधली, इंग्रजी पाहून परत दिला. “वाचा, मराठीतनं.”

दादासोनं स्वतःच्या तोंडानं वाचलं. “प्रिय दादासो, पत्राबद्दल आभार. आपला वाद झाल्याचं मला आठवत नाही, माफ करा. त्या लिस्टवर तेव्हा बरेच लोक लिहीत. मी विद्यापीठ सोडलं. आता ज्या मशीनवर जे असेल ते वापरतो, बहुतेक वेळ बैठकांमध्येच जातो. काही राहिलं असेल तर माझ्याकडून ते मिटलं आहे असं समजा. बारामती कुठे आहे? घरच्या कार्याला शुभेच्छा. पेक्का.”

हिंदुरावांनी मांडीवर थाप मारली. “वा! माणूस मोठा हाय. इसरून गेला! तीस वर्सांत अशी पुरसिस बघितली न्हाय मी. एक शब्द वावगा न्हाय, वर आशीर्वाद. वैनी, साखर आणा.”

भामाबाई साखर आणायला उठलीसुद्धा. खाजाभाईंनी दादासोचा हात धरून हलवला. झालं होतं सगळं. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं, साखर तोंडात विरघळेपर्यंत.

“थांबा,” दादासो म्हणाला.

तो आत गेला आणि एक गठ्ठा घेऊन आला. दोन्ही कडांना भोकं असलेला, न तोडलेला प्रिंटरचा कागद. त्यानं एक टोक हिंदुरावांच्या पायाशी ठेवलं आणि बाकीचं उलगडत गेला. कागद ओट्यावरून उतरला, अंगणातून तुळशीपर्यंत पोचला. कोंबड्या बाजूला झाल्या.

“हे बघा. एकोणीस मार्च. यात त्यानं मला हट्टी म्हटलंय, माझं नाव घेऊन. हे दोन जुलै. हा माझा मुद्दा, याला त्यानं आजपर्यंत उत्तर दिलेलं नाही. न आठवायला काय झालं? मी शहाण्णव पत्रं लिहिली आहेत!”

“आन् त्येनं किती लिव्हली?” खाजाभाईंनी विचारलं.

दादासो पुढची घडी उलगडायला लागला. पेक्काची पाच होती.

हिंदुरावांनी अर्धा तास ऐकून घेतलं, कोर्टात ऐकायची सवय होती म्हणून. मग शांतपणे म्हणाले, “पावणं, त्येनं सोडलं. आता तुमी सोडा.”

“तो खोटं बोलतोय, मामा.”

“बोलू द्या खोटं. त्या खोट्यावर लगीन हुतंय.”

“आधी त्यानं मान्य केलं पाहिजे की भांडण झालं होतं. मग मी मिटवतो. लगेच मिटवतो.”

भामाबाई साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. ती आत गेली नाही, बाहेरही आली नाही. खाजाभाई वाकून कागद गोळा करायला लागले, तर दादासो म्हणाला, “घडीवर घडी घाला, नाहीतर तारखा चुकतील.”

हिंदुरावांनी टोपी घातली. “पोरीला काय सांगू?”

दादासोनं खरोखर विचार केला. तो खोटारडा नव्हता, हे मान्य करायला हवं. “सांगा, मी त्याला आज सविस्तर लिहितोय, तारीखवार. बुधवारी पाठवतो. शनिवारपर्यंत उत्तर येईल.”

हिंदुराव तीनच्या एस.टी.नं इंदापूरला आणि तिथून शेळगावला पोचले तेव्हा वैष्णवी दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा पांढरा कोट धूत होती. त्यांनी सगळं सांगितलं, कागद तुळशीपर्यंत गेला तेही. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

“म्हंजी समोरच्यानं मिटवलं,” ती म्हणाली.

“व्हय.”

“आन् ह्यांनी?”

“शनवारपतूर थांबा म्हनत्यात.”

तिनं कोट पिळला, झटकला आणि दोरीवर टाकला. “शनवारी माझी पहिली पाळी हाय, मामा. तुमीच त्यास्नी न्हाय म्हनून कळवून टाका.”