पंखाखालचा ठोकळा

विमानवाल्या काकूंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं गल्लीत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एक दिवस त्यांच्या नवऱ्याबरोबर काढून बघावा.

काका गवंडी. कामाला चोख, पण सरळ करायचा सोस भारी. भिंतीवरची तसबीर, दारातल्या चपला, चारचौघांत काकूंचं बोलणंसुद्धा. काकू उशांचे अभ्रे शिवतात आणि उरलेल्या वेळात हलक्या लाकडाची विमानं बनवतात. दरवर्षी मैदानावरच्या स्पर्धेत विमान उडालं की लोक काकांचा हात हातात घेऊन म्हणतात, "काय विमान बनवलंत हो." आणि हा बाबा गालातल्या गालात हसतो. "मी नाही, हिनं" एवढं एकदा तोंडातून निघेल तर शपथ. म्हणून यंदा काकूंनी स्वतःचं नाव दिलं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी दोन पंख मधोमध जोडले. एक फळीवर सपाट, दुसऱ्याचं टोक लाकडी ठोकळ्यावर चार बोटं वर. पंख असे उचललेले नसले तर वाऱ्यानं कललेलं विमान पुन्हा सावरत नाही. गोंद वाळायला ठेवून त्या अभ्रे पोचवायला गेल्या.

परत येऊन बघतात तर पंख इस्त्री केल्यासारखे सपाट. वर काकांची पाणसळ, तिच्यातला बुडबुडा बरोब्बर मध्यात.

"वाकडं वाळत होतं," काका म्हणाले. "वेळेवर नजर गेली म्हणून बरं."

"मी काय भिंत बांधत होते?" काकूंचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "विचारायला जीभ झडली होती?"

"अगं, चांगलं करायला गेलो..."

"माझं चांगलं कशात आहे, ते कधी विचारलंत?"

बारीक करवतीनं त्यांनी जोड कापला, कडा घासल्या, नवा गोंद लावला. ठोकळा मात्र काकांनी आवरताना कुठं टाकला, ते त्यांनाच आठवेना.

"मग बसा आणि मूठ धरा खाली," काकू म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत काका पंखाखाली मूठ टेकून बसले. काकूंनी पाणी तेवढं पाजलं.

दुसऱ्या दिवशी विमान वाऱ्यात कललं, आपलं आपण सावरलं आणि मैदानभर फिरलं. कुणीतरी सवयीनं काकांचा हात धरला.

"हिनं बनवलंय," काका म्हणाले. "मी तर सरळ करून बिघडवलं होतं."

काकूंनी ऐकलं. एवढंच बोलायला या माणसाला इतकी वर्षं लागली, याचा त्यांना नव्यानं संताप आला. डोळे भरून आले आणि विमान नीट दिसेना.