खालाबींची रजई

मी पदवीधर झालो त्याचं सगळ्यात मोठं श्रेय मी खालाबींना देतो. आईवडिलांचं आणि गुरुजनांचं ऋण आहेच. पण माझी पदवी खालाबींच्या पेटीतल्या हिरव्या रजईतून निघाली, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. मी मात्र अगदी गंभीरपणे सांगत असतो.

खालाबींच्या घरी कॅलेंडर नव्हतं. रजई होती. ती पेटीतून बाहेर आली की हिवाळा सुरू, आणि परत पेटीत गेली की संपला. मधल्या दिवसांत मागच्या अंगणात काय पेरायचं, काय उपटायचं, हे सगळं त्या रजईवरून ठरे. अकोल्याच्या जुन्या वस्तीतलं त्यांचं घर. कृषी पदवीची चार वर्षं मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. त्यांचे यजमान हयात असताना स्टेशनजवळच्या एका हॉटेलला मागच्या अंगणातली भाजी पुरवत. त्यात लेट्यूस नावाचा विलायती पालाही असे. खालाबी त्याला सलाद म्हणत, आणि त्याच्याविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

"ते खायचं नाई रे बेटा. ते ताटातली चादर हाये. साहेब लोक वरचं खातेत अन् चादर तशीच सोडून देतेत."

शेवटच्या वर्षी आम्हा प्रत्येकाला एकेक वाफा आणि एकेक पीक मिळालं. वांगी, मिरची, पालक मित्रांनी पटापट उचलले. माझ्या वाट्याला लेट्यूस उरलं. पीक उभं राहिलं नाही तर विषय नापास आणि वर्ष वाया. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. चांदूर रेल्वेला वडिलांचं सायकल पंक्चरचं दुकान आहे. तिथे ट्यूबमध्ये हवा भरता भरता त्यांनी अर्ध्या तालुक्याला सांगून ठेवलं होतं, "पोरगा शेतीचा डॉक्टर होऊन राहिला." आता त्या डॉक्टरचा एकुलता एक पेशंट म्हणजे हा वाफा.

मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, मध्यम हवामानात सप्टेंबरमध्ये पेरणी करावी. अकोल्याचं हवामान मध्यम आहे असं मानणारा त्या वर्षी जिल्ह्यात मी एकटाच असेन. मी पेरलं. काही उगवलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा पेरलं. मुंग्या तेवढ्या आल्या. सर म्हणाले, "दिवाळीनंतर पंधरा दिवसांत रोपं दाखव, नाहीतर शून्य." पुडीत चिमूटभर बी उरलं होतं.

तोंड पाडून मी अंगणात बसलो, तेव्हा खालाबींनी सगळं विचारून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"माही रजई अजून पेटीत हाये अन् तू सलाद पेरून राहिला? बी झोपलं ते. एवढ्या गर्मीत ते डोळे उघडत नाई."

"मग कधी पेरू?"

"रजई निघन तवा."

"अन् रजई कधी निघन?"

"मले थंडी वाजन तवा. थंडी काय तुया सरच्या हुकमानं वाजते?"

त्यानंतरचे दिवस मी पेटीकडे पाहत काढले. दिवाळी आली, फराळ संपला, तरी खालाबी पातळ चादरीवरच. रोज सकाळी मी विचारायचो, "खालाबी, आज वाटली का थोडी थंडी?" त्या म्हणायच्या, "नाई बाप्पा." शेवटी एका संध्याकाळी मी माझा टेबल फॅन खाली आणला आणि त्यांच्या खाटेकडे तोंड करून पूर्ण वेगानं लावला. मच्छर फार झालेत, असं कारण सांगितलं.

"पंखा लावून थंडी आणतो का? मंग वाफ्यातई लाव एक!"

चार दिवसांनी पहाटे माडीच्या जिन्यावर त्यांनी ताटली वाजवली. "उठ रे! निघाली!" मी धावत खाली आलो. खालाबी रजई पांघरून बसल्या होत्या. फक्त नाक बाहेर होतं, आणि त्या नाकावर मोठा अधिकार होता. बी त्यांनी जुन्या ओढणीच्या ओल्या चिंधीत बांधून दोन दिवस माठाच्या बुडाशी गारव्यात ठेवलं. मग एका फुटक्या घमेल्यात माती भरली. मी सवयीनं बी खोल दाबायला लागलो, तर त्यांनी हातावर चापट मारली.

"मुर्दा गाडून राहिला का? त्याले उजेड पायजे. वरच राहू दे, जराशी माती भुरभुर."

पाचव्या दिवशी घमेलं हिरवं झालं. सरांनी दिलेली मुदत संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते. मी सायकलच्या कॅरिअरवर घमेलं बांधून कॉलेजात नेलं. सरांनी चष्मा पुसून रोपं पाहिली आणि पुढे जायला परवानगी दिली. महिन्याभरानं रोपं वाफ्यात लावली, आणि जानेवारीत त्यावर पोपटी गड्डे बसले. सरांनी विचारलं, "पेरणी केव्हाची?" माझ्या तोंडून निघालं, "रजई निघाली त्याच्या दोन दिवसांनंतरची." सर हसले, पण मार्क पूर्ण दिले. दोन गड्डे मी घरी नेले. आईनं त्यांची भाजी केली. कढईभर पानांची चमचाभर भाजी झाली, आणि वडिलांनी ती शेतीच्या डॉक्टरचं औषध म्हणून गंभीरपणे गिळली.

होळीनंतर रजई पायाशी गेली तसं खालाबी म्हणाल्या, "आता काढून टाक." लोभापायी मी एक झाड ठेवलं. ते उंच होऊन फुलावर आलं, पानं कडू झाली. "पाह्य, मिनार झाला," एवढंच त्या म्हणाल्या.

तो काळ वऱ्हाडात वाईट होता. कापूस दगा देत होता, आणि गावोगावच्या सभांत लोकांना रोज एखादं नवं पीक सुचवलं जात होतं. नोकरी लागल्यावर तशा सभांतून बोलायचं काम माझ्याकडेही आलं. पुस्तकावर भरवसा ठेवून मी चुकलो तेव्हा चिमूटभर बी गेलं. समोर बसलेल्यांचं वर्ष गेलं असतं. म्हणून नव्या गावात गेलो की मी आधी तिथल्या म्हातारीला विचारतो, पांघरूण पेटीतून कधी काढता? लोक मला येडा साहेब म्हणतात.

माझी पहिली नेमणूक चिखलदऱ्याला झाली. निघताना खालाबींनी ती रजईच माझ्या हातात दिली. "तिथं लय थंडी असते म्हनतेत." मी नको म्हणालो, तर त्या रागावल्या. पहिल्या उन्हाळ्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते शेजारची रुखसाना त्यांना वाचून दाखवणार, हे माहीत होतं.

"खालाबींना सलाम.

मी खुशाल आहे. पुस्तकातलं ते मध्यम हवामान अखेर सापडलं. ते इथं आहे. मे महिन्यातही पहाटे पांघरूण लागतं. ऑफिसच्या मागे मी सलाद लावलं, ते कडू झालं नाही. मिनारही झाला नाही. पण मोठी अडचण आहे. इथं रजई पेटीत जातच नाही, मग पेरायचं कधी ते कळत नाही. तुम्ही येऊन सांगा.

दुसरं असं की रजई माझ्याकडे, मग यंदा तुम्ही मेथी कशावरून पेरली, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला. तुम्हाला थंडी वाजली असेल, हा त्याहून उशिरा. रजई या पत्रासोबत एसटीनं पाठवतो आहे. मी नवी घेतली आहे, पण तिला अजून काही समजत नाही.

दिवाळीनंतर ज्या पहाटे रजई काढाल, त्याच दिवशी रुखसानाला एक ओळ लिहायला सांगा. डोंगराखाली, तुमच्याकडच्यासारख्या सपाटीवरच्या पंचवीस घरांना मी सलादचं बी देणार आहे. मी त्यांना सांगून ठेवलं आहे की तुमचं पत्र आल्याशिवाय पुडी फोडायची नाही.

आणि पंखा लावून बसू नका.

तुमचा,
माडीवरचा"