चुरगाळलेली चादर

कमळाआत्या सकाळी उठली की आधी स्वतःची चादर चुरगाळायची. शेजारी झोपलेले जागे होतील म्हणून ती रात्रभर कूससुद्धा बदलत नसे, त्यामुळे चादर घातली तशीच राहायची. मग ती चादरीला हातानं सुरकुत्या पाडायची, उशीत खळगा करायची आणि चहाला येऊन बसायची. "झोप लागली का?" असं विचारलं की म्हणायची, "मस्त. घोरत होते मी." डोळे मात्र लालबुंद.

तिला झोप न येण्याची लाज वाटायची. आजोबांचं ठाम मत होतं की ज्याचं मन साफ, त्यालाच झोप लागते. बुऱ्हाणपुरातल्या मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर शिवण शिकवलं, अकाली आलेलं विधवापण निमूट काढलं, कोणाचं वाईट चिंतलं नाही. "माझ्या मनात कोणता मळ आहे, मलेच नाही सापडत पोरी," असं ती एकदा मला म्हणाली होती.

आणि आम्ही घरचे तर भलतेच बेरकी. तिच्या घोरण्यावर कोणाचा विश्वास नव्हता, पण फायदा सगळ्यांनी घेतला. पहाटेची गाडी आहे? आत्याला सांगून ठेव. बाळंतिणीजवळ कोण बसणार? आत्या आहे ना. "तिले काय, ती तर जागीच राहते," हे वाक्य आमच्या घरात मीठमिरचीसारखं वापरलं गेलं. ती का झोपत नाही, हे विचारायला मात्र एकाचीही जीभ उचलली नाही. माझीही नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आत्याच्या छातीत गाठ निघाली. इंदूरला न्यायचं ठरलं. स्थळ आणणारे सदाभाऊ मोठ्या मनाचे, म्हणाले, माझी गाडी घ्या. आणि गाडी त्यांची म्हणून थेट डॉक्टरांच्या खोलीतही येऊन बसले. त्यांना बाहेर थांबा म्हणणं आमच्या रीतीत कुठलं बसायला.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कोणाला कॅन्सर?"

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सदाभाऊंकडे बघत म्हणाले, "नाही हो. आमच्याकडे सगळे म्हातारपणानं गेले." आजी याच दुखण्यानं गेली होती, तेही ऐन चाळिशीत. आत्यानं भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "झोप कशी आहे?" डॉक्टरांनी पुढं विचारलं. "मस्त," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी तरीही समजावलं. काही घरांत या आजाराचा धोका रक्तातून येतो. झोपेच्या तक्रारीही घराण्यातून येऊ शकतात. दोन्हींचं मूळ कुठं एक आहे का, ते अजून शोधताहेत. झोप नाही म्हणजे कॅन्सर होणारच, असं मुळीच नाही. पण घरातलं खरं कळलं, तर लेकीबाळींची तपासणी वेळेवर होते.

घरी आल्यावर आत्या अण्णांना म्हणाली, "बाळू, खोटं कायले बोलला रे? माझं काय, मी तर चालले. पोरीचं काय?"

"आधी लग्न होऊ दे," अण्णा म्हणाले. मी दाराशीच होते. लग्न मलाही हवं होतं, म्हणून मीही गप्प बसले.

त्या उन्हाळ्यात आत्या खंगत गेली. एका दुपारी, सगळं घर कूलरसमोर आडवं झालेलं असताना, अण्णा तिच्या खाटेशेजारी चटई टाकून पडले. मी मोसंबीचा रस घेऊन गेले, तर आत्या विचारत होती, "बाळू, झोपला का?"

"नाही गं," अण्णा म्हणाले. "मले येतच नाही. आईसारखंच. आजवर गॅस झाला म्हणून सगळ्यांना सांगत आलो."

"माहीत आहे रे. रात्री अंगणात तुझ्या चपला वाजायच्या. मी म्हटलं, लाजतो बिचारा, कायले विचारायचं." मग म्हणाली, "बस, आता पोरीले इंदूरले घेऊन जा."

पावसाळ्याआधी ती गेली. तेराव्यानंतर अण्णांनी स्वतः सदाभाऊंना फोन केला आणि गाडी मागितली. इंदूरला डॉक्टरांच्या दाराशी सदाभाऊ या खेपेला संकोचून थांबले, तर अण्णाच म्हणाले, "या, आत बसा. तुम्हीही ऐका, अन् मुलाकडच्यांना जसंच्या तसं सांगा."

डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. अण्णा म्हणाले, "माझी आई याच दुखण्यानं गेली. आता बहीण गेली. झोप आम्हा तिघांनाही नव्हती. या पोरीला तपासा."

सदाभाऊ जमिनीकडे बघत राहिले. लग्न मोडणार की राहणार, मला काहीच कळेना, आणि मला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची, त्या दिवशी दाराशी मीही गप्प बसले होते त्याची.

डॉक्टर जरा कोरडेपणानं म्हणाले, "मागच्या वेळी तर कोणालाच नाही म्हणाला होतात तुम्ही."

"तेव्हा मी खोटं बोललो. बहीण शेजारीच बसली होती," अण्णा म्हणाले. "मला चारचौघांत खोटं पाडणं तिच्या जिवावर आलं."