पाभरीच्या कपाळाचं कुंकू

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. आणि ऐकताना तोंडात चहाचा घोट ठेवू नका, नाहीतर ठसका लागल्याचं पाप माझ्या माथी!

आळे गावाजवळच्या ज्या शेती संशोधन संस्थेत मी कामाला आहे ना, तिला आपला इतिहास जपायची हौस आली. जुने फोटो, टिपणं, पहिली यंत्रं, गावोगावची अवजारं, सगळं गोळा झालं. ठेवलं कुठं? बियाण्याच्या गोदामाच्या कोपऱ्यात! समिती बघायला येणार होती. पसंत पडलं तर स्वतंत्र दालन. नाही पडलं तर सगळा इतिहास पोत्यांमागे, आणि मी परत चहाच्या खोलीत.

हे काम बघणाऱ्या मॅडम पुण्याच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मंदाताई, पुसायचं नाही, घासायचं नाही, तेल लावायचं नाही. वस्तू आली तशी राहिली पाहिजे."

मी पाळलं. जीव तुटायचा हो! तांब्याच्या मापावर हा एवढा काळा थर, घरी चिंच पडलेली, आणि हात बांधलेले!

मग आली खंडेनवमी.

आता तुम्हीच सांगा, त्या दिवशी आपल्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत कुणाची पूजा सुटते का? आणि जन्मभर राबलेली ही अवजारं तेवढी कोरड्या कपाळानं बसणार? मॅडम गावाला गेलेल्या. मी ताट घेतलं आणि जे जे यंत्र दिसलं त्याला हळदीकुंकवाचं बोट लावत गेले. पुसलं नाही, घासलं नाही! आळ्याहून आलेली पेरणीची जुनी पाभर होती. तिचं बी सोडायचं लाकडी चाडं रिकामं. रिकाम्याची पूजा कशी करायची? चिमूटभर तांदूळ टाकले.

दसरा झाला आणि पुण्याहून सर आले. इतिहासातले मोठे जाणकार. समितीपुढे तेच बोलणार होते. भिंग घेऊन पाभरीवर वाकले ते वाकलेच!

"मॅडम, हे बघा! रंगाचे अवशेष! आणि चाड्यात चक्क तांदूळ!"

"म्हणजे सर?"

"म्हणजे आळ्यात पूर्वी भात पेरत होते! आजवर कुणालाच माहीत नाही हे!"

मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी. अहो, आळ्यात बाजरी! भात तिकडं पावसाच्या घाटघरला, तोही रोपं करून लावायचा, पाभरीनं पेरायचा नाही. आणि सोललेला तांदूळ पेरून कधी उगवलाय? मला बोलायचं होतं हो! पण मग ते तिथं आले कुठून, हेही बोलावं लागलं असतं.

सरांनी दोन दाणे काचेच्या नळीत ठेवले. मॅडमनी पाटी लिहायला घेतली. मी घरी जाऊन आमटीत दोनदा मीठ टाकलं आणि चहात एकदा.

परवा समिती. खोटी पाटी तिच्यापुढे लागणार, ती माझ्यामुळे! मी ठरवलं, पुरावाच नाहीसा करायचा. सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. तांदूळ पदरात बांधले. साबणाचं फडकं पाभरीवर फिरवलं.

हळदीला साबण लागला की काय होतं, हे मी विसरावं? मी! जिच्या निम्म्या साड्यांवर ते डाग आहेत! पिवळा ठिपका लालभडक झाला आणि लाकडात पसरला. जेवढं पुसावं तेवढं लाल!

तेवढ्यात सर आत आले, मागोमाग मॅडम.

"घातपात! पुरावा नष्ट केलाय कुणीतरी! बबनभाऊ, कॅमेरा दाखवा!"

बबनभाऊ आमचे वॉचमन. डोकं खाजवत म्हणाले, "सायेब, त्यो क्यामेरा खंडेनवमीपासून लालच दिसतोय. मी म्हनलं, बिघाडला आसंल."

"मग खंडेनवमीचं दाखवा!"

बबनभाऊंनी मागचं चित्रण लावलं. पडद्यावर मी. हातात ताट. पाभर झाली, वजनकाटा झाला, कॉम्प्युटर झाला. मग मी स्टूल ओढते. चढते. माझा चेहरा मोठा होत होत पडदाभर. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटतायत. मग एक बोट पुढं येतं... आणि सगळं लाल!

म्हणलं ना, जे जे यंत्र दिसलं त्याला. कॅमेरा यंत्र नाही का?

बबनभाऊ म्हणाले, "ताई, लई भक्तिभावानं क्येलं बरं का!"

सरांनी खिशातून काचेची नळी काढली. "मंदाताई, हा तांदूळ...?"

"रेशनचा, सर."

सरांनी नळी परत खिशात घातली, मॅडमनी पाटी फाडली.

पण पाभरीवरचा तो लाल डाग जाईना. दुसऱ्या दिवशी समितीनं बोट दाखवून विचारलंच. मॅडमना खरं सांगावं लागलं, आणि पटेना म्हणून ते चित्रण दाखवावं लागलं. समितीच्या मुख्य बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसले आणि दालन मंजूर केलं. एका अटीवर.

या एकदा बघायला. दारातून शिरलं की समोरच माझा फोटो आहे. डोळे मिटलेले, बोट पुढं.

आणि बरोबर त्याच्याखाली पाटी: 'कृपया वस्तूंना हात लावू नये.'