बेडकांचा हौद

अब्दुल गनी दिग्रसला आमच्या शेजारी राहायचा. कापसाच्या जिनात तो फिटर होता. दिवाळीनंतर जीन सुरू व्हायचा, उन्हाळ्यात बंद पडायचा. मग पुढचे महिने पोट कशावर भरायचं? तर बेडकांवर. यवतमाळच्या ज्या कॉलेजात मी शिकत होतो, तिथे पोरांना कापायला बेडूक लागत आणि पावसाळाभर ते गनीभाई पुरवायचा. मशिदीतला एक म्हातारा त्याला बजावायचा की बेडूक मारणं आपल्यात मना आहे. गनीभाईचं उत्तर तयार असायचं, "मी कुठं मारतो? जिता नेऊन देतो. पुढचं सायबाले विचारा." माणूस असा हजरजबाबी. मला तो फार आवडायचा, म्हणूनच त्याचा रागही येतो.

बेडूक धरणं सोपं, जिवंत ठेवणं कठीण. मोटारीवर चढवेपर्यंत ते टिकावेत म्हणून त्याने अंगणात विटा-सिमेंटचा बुटका हौद बांधला होता, वर जाळी. त्यातलं पाणी बदलायचं नाही, हा त्याचा नियम. विहिरीच्या ताज्या पाण्यात बेडूक मान टाकतात, जुनं हिरवट पाणीच त्यांना मानवतं, असं तो म्हणायचा. खेप गेली तरी पाणी तसंच राखून ठेवायचा, विरजणाला थोडं दही ठेवतात तसं.

त्याची एकुलती लेक शमसुन्निसा त्या हौदाला चिकटलेली असे. लग्नाला कितीतरी वर्षं उलटल्यावर झालेली पोर. सगळे तिला शम्सू म्हणायचे. माश्या मारून ती बेडकांना खाऊ घालायची. खेप निघाली की तिचा एकच हट्ट, "अब्बा, एक तो रहने दो ना." गनीभाई लटकं रागवायचा आणि एक बेडूक तिच्यासाठी मागे ठेवायचा.

१९६१च्या श्रावणात तो पोतं घेऊन कॉलेजात आला, तेव्हा आमचे प्राध्यापक सदाशिवराव बेडकाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बसले होते. खुशीत होते. "ये गनी, तुझा माल बघ," म्हणाले. गनीभाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दचकून मागे सरला. "हे काय वळवळून राह्यलं?"

"परजीवी. बेडकाच्या रक्तावर जगतात. डास चावून आणून सोडतात."

"मच्छर बेडकाले चावते? बेडूक तं मच्छराले खाते!"

"खातोही आणि चावूनही घेतो," सदाशिवराव हसले. "त्यांचे डास बहुतेक वेगळे असतात. आणि हा आजार माणसाला होत नाही."

गनीभाई घरी आला तो हीच गोष्ट सांगत. चहाच्या टपरीवर सांगितली, जिनाच्या चौकीदाराला सांगितली. सदाशिवरावांचं 'बहुतेक' तेवढं वाटेत कुठेतरी गळालं.

त्या वर्षी कॉलेजात पोरं वाढली, बेडकांची मागणी वाढली. गनीभाईने गावाभोवतीची डबकी पार धुंडाळली. भादव्यातल्या खेपेला माल कमी पडतो म्हणून शम्सूचा बेडूकही पोत्यात गेला. ती रुसून जेवली नाही. "पुढच्या खेपेले याहून मोठा आणतो," तो म्हणाला. पण डबक्यांत आता बेडूक उरले नव्हते. पुढची खेप लांबत गेली, आणि हौद तसाच पाण्याने काठोकाठ भरलेला, बेडकांवाचून रिकामा.

त्याची बायको सुग्राबी भिंतीवरून माझ्या आईला सांगायची, "पाण्यात किडेच किडे झाले, बाई. सांडून देतो म्हणलं तं हात लावू देत नाही."

आतून गनीभाई ओरडायचा, "बेडकाचे मच्छर हायेत ते! माणसाले त्याईचं काय? मी काचेतून पाह्यलं."

काचेतून पाहिलेल्या माणसापुढे कोण बोलणार? हौद बेडकांचा, म्हणून त्यात निपजणारे डासही बेडकांचे, असा त्याचा सरळ हिशोब. ज्या पाण्यात बेडूकच नाही तिथे कोणते डास येऊन अंडी घालतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नाही.

मी सुटीवर घरी आलो होतो तेव्हा शम्सूला थंडी वाजून ताप भरला. मलेरियाचा माणूस आला, तिच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. त्या तिने ओकून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिला झटके येऊ लागले, आईला ओळखेना. ज्या मोटारीने बेडूक जायचे तिनेच तिला यवतमाळला न्यायला निघाले. दारव्ह्याच्या अलीकडे सुग्राबीच्या मांडीवर ती गेली.

कब्रस्तानातून माणसं परतली तेव्हा सुग्राबी हातात लोखंडी सब्बल घेऊन हौद फोडत होती. कोणी तिला अडवलं नाही. हिरवं पाणी अंगणभर पसरलं, त्यात किडे तडफडत होते. गनीभाई दारातच उभा राहिला. मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याला गदगदा हलवावंसंही वाटलं.

पुढे काही दिवसांनी तो कॉलेजात आला. खांद्यावर रिकामं पोतं होतं, सवयीने आणलं असावं. आमचा वर्ग चालू होता.

"सायेब, मह्या पोरीच्या रक्तात होतं ते बेडकाचं का माणसाचं?"

सदाशिवराव उठून उभे राहिले. "माणसाचंच, गनी. हिवताप माणसाकडूनच माणसाला येतो. डास नुसता पोचवतो."

"पण मच्छर तं बेडकाच्या हौदातले होते."

"तेव्हा हौदात बेडूक होते का?"

"नाही. सारे तुमालेच देल्ते."

आमच्या समोरच्या ताटल्यांमध्ये भादव्यातल्या त्याच खेपेतले, औषधात टिकवलेले बेडूक टाचण्या टोचून उताणे पडले होते.

"एखादा राह्यला असता त्या पाण्यात," गनीभाईने विचारलं, "तं वाचली असती का?"

"एकाने काय झालं असतं, ते नाही सांगता येत," सदाशिवराव म्हणाले.

गनीभाईने त्या ताटल्यांकडे पाहिलं.

"एकच मांगत होती, सायेब," तो म्हणाला.